बंद घराच्या दारावरचं समन्स: जामीनदारावरच्या एकतर्फी हुकूमनाम्याला दिलेलं आव्हान

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावरच्या मच्छीमाराने 2008 साली यांत्रिक नौकेसाठी बँकेकडून सहा लाखांचं मुदत कर्ज घेतलं. नौका, इंजिन आणि जाळी बँकेकडे नजरगहाण (वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून दिलेलं तारण) होती. जामीनदार म्हणून सही केली त्याच्या मावसभावाने. हा मुंबईत सरकारी कार्यालयात नोकरीला. गावी वडिलोपार्जित घर आणि स्वतःच्या नावावर हापूसची लहानशी बाग. बाग बँकेकडे गहाण नव्हती, त्यामुळे या कर्जापायी ती जाऊ शकते असं त्याला कधी वाटलंच नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, असं करार कायद्याचं कलम 128 सांगतं. पैशाचा हुकूमनामा (दाव्यातला न्यायालयाचा अंतिम आदेश) झाला की गहाण नसलेली मालमत्ताही जप्त होऊ शकते. आपल्याकडे नात्याखातर जामीन राहणाऱ्या माणसाला हे सही करताना कोणी सांगत नाही.

मी या प्रकरणात जामीनदाराचा वकील होतो. माणसं, गाव आणि बँक यांची नावं इथे दिलेली नाहीत आणि रकमा गोल केल्या आहेत. कायद्याचे मुद्दे मात्र जसे आले तसे आहेत.

11 नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळात ही नौका खडकावर आपटून फुटली. विम्याची रक्कम बँकेने कर्जखात्यात जमा करून घेतली, पण तिने कर्ज फिटलं नाही आणि हप्ते थांबले. जानेवारी 2011 मध्ये बँकेने वकिलामार्फत दोघांनाही नोटीस पाठवून सगळं कर्ज एकरकमी परत मागितलं. ऑगस्ट 2014 मध्ये दुसरी नोटीस गेली. नोव्हेंबर 2014 मध्ये पावणेआठ लाखांचा दावा दाखल झाला. तेव्हा दहा लाखांखालची बँकेची वसुली दिवाणी न्यायालयातच चालायची. 2018 पासून ही मर्यादा वीस लाख आहे आणि त्यावरची प्रकरणं कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जातात. कर्जदाराने वकीलपत्र दिलं, पण कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही. जामीनदार हजरच झाला नाही. मार्च 2016 मध्ये दोघांविरुद्ध व्याजासह हुकूमनामा झाला. त्यानंतर सहा वर्षं काहीच हालचाल नव्हती. 2022 मध्ये बँकेने दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल केली. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षांची मुदत असते, त्यामुळे त्यात गैर काही नव्हतं.

2023 च्या गणपतीला जामीनदार गावी आला. ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच्याच बागेच्या जप्तीचा हुकूम लावलेला होता. गावातली जमीन जप्त करताना हुकुमाची एक प्रत ग्रामपंचायतीत लावावी लागते. ती तरतूद पाळली गेली म्हणून या माणसाला निदान लिलावाच्या आधी कळलं.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचं म्हणणं ठरलेलं होतं. "वकीलसाहेब, उद्याच जिल्हा कोर्टात अपील टाकूया." नऊ-दहा जणांनी त्याला हाच सल्ला दिला होता. मी त्याला थांबवलं. माझ्या मते या प्रकरणाचा निकाल तिथेच ठरला, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

एकतर्फी, म्हणजे प्रतिवादीची बाजू न ऐकता झालेल्या, हुकूमनाम्याविरुद्ध दोन मुख्य वाटा असतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96(2) खाली वरच्या न्यायालयात अपील करता येतं. किंवा ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला त्याच न्यायालयात ऑर्डर 9 नियम 13 खाली तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. "न्यायालयाने चुकीचा निर्णय दिला" अशी तक्रार असेल तर वाट अपिलाची. "मला बोलायची संधीच मिळाली नाही" अशी तक्रार असेल तर वाट अर्जाची. बहुतेक वेळा दोन्ही तक्रारी एकत्र असतात, आणि मग माणूस मोठ्या कोर्टाकडे धावतो.

अपिलात न्यायालय प्रामुख्याने खालच्या न्यायालयातलं दप्तर बघतं. या दप्तरात फक्त बँकेची बाजू होती. आमच्याकडून एक कागद नाही, एक शब्द नाही. अपिलात नवा पुरावा द्यायला वाव असतो, पण फार अरुंद. शिवाय अपिलाची तीस दिवसांची मुदत संपून सात वर्षं झाली होती. दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागली असती आणि पैशाच्या हुकूमनाम्याला स्थगिती मागताना रक्कम किंवा तारण द्यावं लागलं असतं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच. अपील गुणदोषावर किंवा मुदतीच्या कारणावरून फेटाळलं गेलं, तर नियम 13 चा अर्ज करायचा रस्ता कायमचा बंद होतो. त्या नियमाखालचं स्पष्टीकरण तसं सांगतं आणि सर्वोच्च न्यायालयाने भानू कुमार जैन विरुद्ध अर्चना कुमार या 2004 च्या निकालात ते नीट उलगडलं आहे. दोन्ही वाटा एकाच वेळी धरता येतात, पण घाईने केलेलं अपील फेटाळलं गेलं तर दुसरी वाट हातची जाते.

अर्जाची मुदत मुदत कायद्याच्या अनुच्छेद 123 प्रमाणे हुकूमनाम्यापासून तीस दिवस. मात्र समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर हे तीस दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. म्हणजे गणपतीतल्या त्या दिवसापासून आमचे दिवस मोजले जात होते. पहिलं काम म्हणून नकलेचे अर्ज टाकले: दावा, समन्सचा परतावा (बजावणीनंतर न्यायालयात परत आलेला कागद) बेलिफाच्या, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, अहवालासह, संपूर्ण रोजनामा (तारखेनिहाय कामकाजाची नोंद), बँकेने दाखल केलेले कागद, निकालपत्र, हुकूमनामा आणि दरखास्तीचं प्रकरण. पक्षकार बहुतेकदा फक्त निकालाची नक्कल आणतात. निकालात न्यायालयाला काय वाटलं ते असतं. काय घडलं ते परताव्यात आणि रोजनाम्यात असतं.

बेलिफाचा अहवाल जेमतेम तीन ओळींचा होता. घर बंद आढळलं, शेजाऱ्यांनी मुंबईस असल्याचं सांगितलं, सबब दारावर प्रत चिकटवली. तारीख फेब्रुवारीची. भेट एकच. शेजाऱ्याचं नाव नाही, पंचाची सही नाही.

कोकणात हे घर कोणाला अनोळखी नाही. गणपतीला उघडतं, शिमग्याला उघडतं, मे महिन्यात आंबे काढायला उघडतं, एरवी कुलूप. अशा दारावर फेब्रुवारीत चिकटवलेला कागद मालकाच्या हातात पडेल, असं मानायला काहीच आधार नसतो. ऑर्डर 5 नियम 17 प्रमाणे दारावर चिकटवण्याची वाट तेव्हाच, जेव्हा वाजवी प्रयत्न करूनही प्रतिवादी सापडत नाही आणि तो वाजवी काळात घरी भेटण्याची शक्यता नसते. तेही तो जिथे नेहमी राहतो किंवा व्यवसाय करतो अशाच घराच्या दारावर. ज्यांनी घर दाखवलं आणि ज्यांच्यासमोर प्रत चिकटवली त्यांची नावं-पत्ते अहवालात यावे लागतात. अहवाल शपथेवर नसेल तर नियम 19 प्रमाणे न्यायालयाने बेलिफाला तपासून समन्स रीतसर बजावलं गेलं की नाही ते स्वतः ठरवायचं असतं. आमच्या रोजनाम्यात फक्त एवढंच होतं: समन्स बजावलं, प्रतिवादी क्र. 2 (म्हणजे जामीनदार) गैरहजर, एकतर्फी.

पण केवळ एवढ्यावर अर्ज मंजूर होत नाही, आणि इथे अनेक अर्ज पडतात. नियम 13 चंच परंतुक (नियमाला जोडलेला अपवाद) सांगतं की समन्स बजावण्यात नुसती अनियमितता झाली म्हणून हुकूमनामा रद्द होणार नाही, जर प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता. बँकेच्या वकिलांनी याच परंतुकावर सगळा भर दिला. कर्जदार मावसभाऊ, गाव एक, गावात सगळ्यांना दावा माहीत होता, मग यालाच कसा माहीत नव्हता?

याचं उत्तर बँकेच्याच कागदांत सापडलं. 2011 आणि 2014 च्या दोन्ही नोटिसांच्या पोचपावत्या बँकेने दाव्यात दाखल केल्या होत्या. दोन्हींवर जामीनदाराचा मुंबईचा पत्ता आणि त्याची सही. जामीनपत्रासोबत जोडलेल्या पगाराच्या दाखल्यावरही तोच पत्ता. म्हणजे पैसे मागताना बँकेने त्याला मुंबईत शोधला आणि दुसऱ्या नोटिशीनंतर अवघ्या तीन महिन्यांत दाखल केलेल्या दाव्यात मात्र त्याचा पत्ता म्हणून बंद घर लिहिलं. यात कोणाचा डाव होता असं मी म्हणत नाही. शाखेने वकिलांना कर्जदाराच्या फायलीवरून पत्ते दिले असणार आणि दोघांनाही गावाचाच पत्ता लागला असणार. पण परिणाम तोच. 2022 च्या दरखास्तीतही तोच पत्ता पुढे आला. हुकूमनाम्यानंतर दोन वर्षांहून उशिरा दरखास्त केली तर ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा आहे त्याला आधी नोटीस द्यावी लागते. तीही त्याच कुलपाच्या दारावर गेली.

जामीनदाराचा उलटतपास कठीण गेला. नोटिसा मिळाल्या का? मिळाल्या. कर्ज थकलंय हे माहीत होतं का? होतं. मग काय केलं? "मी त्याला फोन केला, तो म्हणाला मी बघतो, तू काळजी करू नकोस." तो खरं बोलला आणि ते त्याच्या विरोधात जाईल अशी भीती मला त्या क्षणी वाटली. न्यायालयाने मात्र फरक केला. कर्जाची माहिती असणं वेगळं, दाव्याची माहिती असणं वेगळं, आणि दाव्याच्या तारखेची माहिती असणं त्याहून वेगळं. परंतुकाला शेवटची माहिती लागते आणि ती सिद्ध करायला बँकेकडे काही नव्हतं. शाखेकडून फोन केला होता असं सांगितलं गेलं, पण कोणी, कधी, कोणत्या क्रमांकावर, याला उत्तर नव्हतं.

मुदतीच्या बाबतीत आम्ही तीस दिवसांच्या आत होतो, तरीही मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडला. माहितीची तारीख न्यायालयाने 2022 धरली असती तर तो उपयोगी पडला असता. जप्ती आणि लिलावाला स्थगितीचा अर्जही पहिल्याच दिवशी दिला, कारण हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दाखल झाल्याने दरखास्त आपोआप थांबत नाही. मधल्या काळात विक्रीची उद्घोषणा निघून लिलाव झाला असता, तर सगळं प्रकरण वेगळ्याच वळणावर गेलं असतं. स्थगिती मिळाली, जप्ती मात्र कायम राहिली. त्याची झळ मोसमात बसली. जप्तीतली बाग करारावर घ्यायला कोणी व्यापारी तयार होईना आणि त्या वर्षीचा आंबा घरच्यांनीच उतरवून पेट्या भरल्या.

2024 च्या पावसाळ्यात अर्ज मंजूर झाला. हुकूमनामा फक्त प्रतिवादी क्र. 2 पुरता रद्द झाला, कर्जदाराविरुद्ध तो तसाच राहिला. अट अशी की जामीनदाराने एक लाख रुपये न्यायालयात जमा करावेत. अशी अट घालायचा अधिकार नियम 13 मध्येच आहे. ती त्याला जड गेली. माझ्या मते ती योग्य होती, कारण बँकेला दहा वर्षांपूर्वीचा दावा पुन्हा चालवावा लागणार होता. अर्ज फेटाळला गेला असता तर ऑर्डर 43 खाली जिल्हा न्यायालयात अपील करता आलं असतं. त्यापुढे उच्च न्यायालय. आणि 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांना त्यासाठी मुंबईऐवजी कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठाकडे (सर्किट बेंच) जावं लागतं.

हुकूमनामा रद्द झाला की पक्षकाराला जिंकल्यासारखं वाटतं. खरं तर तेव्हा फक्त कैफियत देण्याचा हक्क परत मिळालेला असतो. कर्ज जिथल्या तिथे असतं. म्हणून अर्ज तयार करतानाच मी दाव्याचं गणित मांडून ठेवलं होतं. बचावात दम नसेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यात फारसा अर्थ नाही; व्याज मात्र चढत राहतं.

गणित तारखांचं होतं. सगळं कर्ज एकरकमी मागितलं जानेवारी 2011 मध्ये. नजरगहाण मालमत्ता जंगम असल्यामुळे मुदत तीन वर्षांची, म्हणजे जानेवारी 2014 पर्यंत. बागच गहाण असती तर तिच्यातून वसुलीला बारा वर्षं मिळाली असती आणि आमचा मुद्दा उभाच राहिला नसता. दावा नोव्हेंबर 2014 चा. मधलं अंतर भरून काढायला बँकेकडे एक कागद होता: डिसेंबर 2013 चं बाकी मान्य असल्याचं पत्र. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली तर मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. पत्रावर कर्जदाराची सही होती आणि जामीनदाराचीही. ती सही खरी आणि त्या तारखेची ठरली असती तर दावा मुदतीत होता आणि आमचा बचाव संपला होता.

कर्जदाराने दिलेली कबुली जामीनदाराला आपोआप बांधत नाही. काही बँकांच्या जामीनपत्रात असं कलम असतं की कर्जदाराची कबुली ही जामीनदाराच्या वतीनेही समजावी. म्हणून जामीनपत्र ओळ न् ओळ वाचलं. आमच्या जामीनपत्रात ते कलम नव्हतं. त्यामुळे सगळा भार जामीनदाराच्या त्या एका सहीवर आला.

जामीनदाराचं म्हणणं होतं की 2008 साली शाखेत त्याने बऱ्याच कोऱ्या छापील अर्जांवर सह्या केल्या आणि त्यानंतर तो त्या शाखेत कधी गेलाच नाही. हे म्हणणं जवळपास प्रत्येक जामीनदार करतो. त्यात तथ्य कितीही असलं तरी नुसत्या तोंडी बोलण्यावर न्यायालय विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. आम्ही दोन गोष्टी समोर ठेवल्या. पत्रावरच्या तारखेला तो मुंबईत कामावर हजर असल्याचा कार्यालयाचा हजेरीपट. आणि मूळ पत्र हजर करण्याची मागणी. मूळ पत्र आल्यावर दिसलं की छापील मजकुरातली तारीख आणि रक्कम वेगळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात भरलेली आहे. यामुळे पत्र खोटं ठरत नाही, कारण रिकाम्या जागा कर्मचारी भरतातच. पण मग ज्याच्यासमोर सही झाली तो अधिकारी साक्षीला यायला हवा. तो निवृत्त झाला होता आणि बँकेने त्याला बोलावलंच नाही. सध्याच्या शाखाधिकाऱ्यांनी उलटतपासात कबूल केलं की ही सही कधी आणि कुठे झाली याची त्यांना व्यक्तिगत माहिती नाही.

बँकेने मग दुसरा मुद्दा काढला. जामीन हा मागणी करताच पैसे देण्याचा आहे, म्हणून मुदत ऑगस्ट 2014 च्या मागणीपासून मोजावी. यासाठी सिंडिकेट बँक विरुद्ध चन्नवीरप्पा बेलेरी या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालाचा आधार घेतला. निकाल खरोखर बँकेच्या बाजूचा वाटतो: मागणीवर देय असलेल्या जामिनात मुदत मागणीपासून सुरू होते. पण पहिली मागणी 2011 मध्येच झालेली होती आणि तिची पोचपावती बँकेनेच दाखल केलेली होती. एकदा सुरू झालेली मुदत दुसरी नोटीस पाठवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येत नाही. ज्या पोचपावतीने समन्सचा पत्ता उघडा पाडला होता, तिनेच मुदतीचा मुद्दाही निकालात काढला.

खात्याच्या उताऱ्याबद्दल थोडक्यात. उतारा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, 1891 प्रमाणे प्रमाणित होता, पण तो सुरूच होत होता एका आरंभीच्या बाकीने. त्या आधीची खतावणी, म्हणजे विम्याचे पैसे कधी आले आणि कुठे वळते केले, ती दाखल नव्हती. हिशेबाच्या वहीतली नोंद एकटी कोणाला देणेकरी ठरवायला पुरत नाही. न्यायालयाने मुदतीवर निर्णय दिल्यामुळे रकमेत खोल जायची गरज पडली नाही, पण तो मुद्दा कैफियतीत घेतलेला होता.

दावा मुदतबाह्य असेल तर प्रतिवादीने मुद्दा काढलेला नसला तरी न्यायालयाने तो स्वतः तपासून फेटाळायचा असतो. मुदत कायद्याचं कलम 3 तसं सांगतं. 2016 च्या निकालपत्रात मुदतीवर एकच वाक्य होतं आणि ते त्या डिसेंबर 2013 च्या पत्रावर टेकलेलं होतं. समोर कोणी नसताना पत्राला कोण विचारणार की तुझ्यावरची सही कधीची आहे?

2025 मध्ये दावा जामीनदाराविरुद्ध खर्चाशिवाय फेटाळला गेला. कर्जदाराविरुद्धचा हुकूमनामा आजही जिवंत आहे आणि त्याने बँकेशी तडजोडीची बोलणी लावली आहेत. माझं मत असं की त्याने ते 2016 आधीच लोकअदालतीत करायला हवं होतं. वादळात नौका गेलेल्या माणसाची अडचण खरी होती, पण त्याने कैफियत न देता गप्प बसणं आणि भावाला "मी बघतो" सांगत राहणं, याची किंमत दोन घरांनी मोजली. बँकेने अपील केलं नाही. जमा केलेले एक लाख परत मिळाले.

एक काम त्यानंतरही उरलं होतं. जप्ती उठल्याचा हुकूम झाला तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कात तिची नोंद तशीच होती. न्यायालयाचा हुकूम आपणहून तलाठ्यापर्यंत पोचतो असं नाही. हुकुमाच्या प्रमाणित नकलेसह तलाठी कार्यालयात अर्ज दिला, फेरफार धरला गेला आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो मंजूर केल्यावर नोंद कमी झाली. त्या वर्षी बाग करारावर गेली.